सडक वर्ग झाली त्या पावसाळ्यात

बांधकाम खात्याच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक परवा पुतण्यानं आणून दिलं. कुठला विभाग कधी फुटला, कुठलं कार्यालय कुठं हललं, सगळं बराबर मांडलंय. आमच्या भागातल्या सडकांना मात्र एकच ओळ. त्या दुसऱ्या खात्याकडं वर्ग झाल्या, एवढंच. वाचून माझं टाळकंच फिरलं. वर्ग झाल्या म्हणे! जशी काही भाकरी एका ताटातून उचलून दुसऱ्या ताटात ठेवली.

माझा बा मैलकुली होता. साखऱ्याकडं जाणाऱ्या सडकेचे काही मैल त्याच्या जिम्म्याला. खड्डे बुजवायचे, झाडांना चुना-गेरू लावायचा, अन् पूर आला की नाल्यावरच्या फरशीपाशी लाल निशाण घेऊन उभं राहायचं. ही फरशी म्हणजे पात्रातच बांधलेला बुटका पूल, जरा पाऊस झाला की पाण्याखाली. म्हातारी माणसं खात्याला अजून निजामाच्या वेळचं 'तामीरात'च म्हणायची. आम्ही बौद्ध वस्तीतले. एरवी बाला गावात शेंबडं पोरगंही अरे-तुरे करायचं. पण अंगात खाकी अन् कमरेला बिल्ल्याचा पट्टा असला की तो नुसता हात वर करायचा, भल्याभल्यांच्या गाड्या थांबायच्या. खाकीत तो सरकार होता. मला त्याचा फार तोरा होता, खोटं कशाला बोलू!

मोठा दुष्काळ सरल्यावरचा एक पावसाळा. खात्याचा मिस्तरी सायकलवर आला अन् म्हणाला, "सडक गेली तुमची. आता ती दुसऱ्या खात्याची. सामान जमा करा." घमेलं, टिकाव, निशाण, खाकी, पट्टा, सगळं पोत्यात गेलं.

बानं विचारलं, "अन् त्यांचा माणूस कवा येऊन राहिला?"

"येईल की! तुमी काहून तकलीफ करून घेता? नवा हुकूम येईस्तोवर घरी बसा. सडकेला हात लावू नका, उगाच भानगड व्हायची."

त्यांचा माणूस आलाच नाही. एक खातं म्हणे आम्ही दिली, दुसरं म्हणे आम्हाला अजून पोचली नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत झाली त्या सडकेची.

पंचमीच्या तोंडावर झड लागली अन् नाला फुगला. बाला घरात बसवेना. धोतर-बंडीवर, डोक्यावर पोतं घेऊन तो निघाला. आई चिडली, "सडक तुमची न्हाई आता!"

"नाला तर तोच हाय ना?" म्हणाला अन् गेला. मी त्याच्या मागं पळाले. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. पोरीच्या जातीनं पुरात कशाला जायचं म्हणून आई ओरडत राहिली.

थोड्या वेळात एक बैलगाडी आली. गावातल्याच जमीनवाल्या घरचा तरणा गडी बायकोला पंचमीला माहेरी पोचवायला निघाला होता. बानं दोन्ही हात आडवे केले. "मालक, थांबा. फरशीवर कमरेएवढं पाणी हाय."

तो हसला. "खाकी कुठं गेली रे तुझी? व्हय बाजूला. आता तू कुठला सरकार?"

"न्हाई मी सरकार. पण पाण्याला ओढ लई हाय. पाया पडतो, मालक."

बा खरंच वाकला. मी धावत जाऊन बैलाची वेसण धरली, तर त्यानं चाबूक उगारला. "पोरीला आवर!" बानंच माझा हात सोडवला. बाई गाडीत तोंडाला पदर लावून बसली होती, तिला कुणी काही विचारलं नाही.

मधोमध चाक फरशीवरून घसरलं अन् गाडी उलटली. तो बैलाचं शेपूट धरून बाहेर आला. बाई खालच्या शिवारात बाभळीला अडकलेली सापडली.

चौकशीला दोन्ही खात्यांचे साहेब आले. विचारलं कुणाला, तर बाला. "सडक तुझी नव्हती, मग कोणत्या अधिकारात गाडी अडवत होतास?" मला असा संताप आला की धोंडा उचलून त्यांच्या जीपवर घालावा. पुढं बा जेवता जेवता ताटावरून उठून जायचा. "माझ्यापुढून गेली," एवढंच म्हणायचा.

दिवाळी झाल्यावर तो गडी आमच्या वस्तीत आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. अंगणात मातीतच बसला.

"तुमी मला दोन थापडा मारायच्या व्हत्या," तो बाला म्हणाला. "वढून खाली पाडायचं व्हतं. म्या थांबलो असतो."

बाला 'तुमी' म्हणण्याची त्याची ती पहिलीच वेळ. मला काही राहवलं नाही.

"मारल्या असत्या, भाऊ," मी म्हटलं. "मग हे घर राहिलं असतं का उभं?"

त्यानं आमच्या कुडाच्या भिंतींकडं बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "म्याच पेटवलं असतं."