वर आमच्या बाजूने काय बोललात?

"आमची बुद्धमूर्ती इथे बरोब्बर बसेल," ती म्हणाली आणि हॉलच्या कोनाड्याला वीत लावून मोजायला लागली.

वर्तकनगरचा फ्लॅट. ती कळव्याची नर्स, सोबत नवरा. सहा महिने घर शोधत होते. मी एजंट. मालक रिटायर्ड गृहस्थ, तोवर 'पंखे सोडून जातो' म्हणत होते. ते एकदम घड्याळ बघायला लागले. मला किचनमध्ये बोलावलं. दारसुद्धा लोटलं नाही.

"अहो, पार्टी बघून आणत जा. तुम्ही आपल्यातले, तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?"

मी म्हणालो, "चुकलं काका."

मी बौद्ध आहे. माझं आडनाव सगळ्यांत चालून जातं, म्हणून माझा धंदा चालतो.

आणि धंद्याच्या दृष्टीने चूक माझीच होती. एरवी मी फोनवरच आडनाव विचारतो. मालकाला चालणार नाही असं वाटलं की सांगतो, कालच टोकन झालं. आडनावावरून कळत नसेल तर बिल्डिंगखाली बजावतो, वर देवाधर्माचं बोलू नका. त्या दिवशी राहून गेलं. अठरा वर्षं हेच केलं. मालकाने तोंड उघडायच्या आधी मीच माणसं चाळून टाकायचो. माझीच माणसं.

खाली आल्यावर त्यांना म्हणालो, "मालकाच्या मुलाने दुसरीकडे शब्द दिलाय."

नवरा हसला. "चल गं. दादांचा मालक एका मूर्तीत फिरला."

ती हसली नाही. "दादा, दलाली तुम्ही आमच्याकडूनपण घेणार होतात ना? मग वर आमच्या बाजूने काय बोललात?"

'चुकलं काका.' दोन शब्द. ते तिने ऐकले होते.

ठाकुर्लीला घरी आलो. आमची मूर्ती आतल्या खोलीत, कपाटावर. हॉलमध्ये क्लायंट येतात म्हणून मीच हलवलेली.

सकाळी वर्तकनगरला जाऊन फ्लॅटची चावी परत दिली. "काका, मी बौद्ध आहे. तुमचं घर मी विकणार नाही."

"अहो, तुम्हाला कुठे बोललो मी? तुम्ही वेगळे."

"वेगळा नाही. लपून होतो."

जिना उतरलो. मग तिला फोन लावला. "घर गेलेलं नाही. तुम्ही बौद्ध म्हणून ते नाही म्हणाले. मी ऐकून घेतलं."

"हे काल तिथे बोलायचं होतं," ती म्हणाली. फोन ठेवला. बरोबर केलं तिने.

आता आडनाव विचारणाऱ्या मालकाचं काम घेत नाही. त्या बिल्डिंगमधले चार फ्लॅट हातचे गेले. आणखी जातील. ज्यांना ज्यांना खोटं सांगून परत पाठवलं, त्यांचे नंबर अजून आहेत. रोज एकाला फोन करतो. कोणत्या मालकासाठी परत पाठवलं, का पाठवलं, नावानिशी सांगतो. शिव्या खातो. माफी मागत नाही, ती मागायची लाज वाटते. त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. तक्रार केली, तर साक्षीला मी उभा राहणार. तक्रार माझ्यावर असली तरी.