गाऱ्हाण्यात मी मलाही घातलं

आज सकाळचीच गोष्ट आहे, मंडळींनो. मी सांगते आणि नात सोनाली तोंड वाकडं करून टाइप करते.

शनिवार-रविवारी ती मित्रमैत्रिणींबरोबर आंबोलीला चालली आहे. घाट चढायचा, कड्यावरून दोरीने उतरायचं, थंडीत तंबूत झोपायचं. मी म्हटलं, "मी पण येतंय."

"आजी, गुडघे खंय ठेवन येतलंस?"

साठ सालाच्या सुमारास, नवी सून असताना, सासूबाईंबरोबर सुक्या बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मी तोच घाट चढायचे. पाटीखाली मान वर करता यायची नाही, म्हणून डोंगर कधी बघितलाच नाही. आता मोकळ्या डोक्याने चढायचा आहे.

बेत ठरला की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मागणं मागायचं काम घरात माझं, आणि प्रत्येक मागण्याला होकार द्यायचं बाकीच्यांचं.

"पोरांका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"दोरी घट रवान दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माका पण सोबत न्हेऊ देत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सवयीने सगळे म्हणून गेले. मग सोनालीने जीभ चावली, पण देवासमोरचा होकार कोण परत घेणार?

दोरीचं वर गेल्यावर बघू. घाट मात्र मी चढणार. तुम्ही एवढंच सांगा, नऊवारीखाली कुठले बूट बरे पडतील?