कंट्रोलचा तुकडा

विषय बदलायचा अर्ज चार दिवस माझ्या पिशवीत पडून होता. पीएचडीचं तिसरं वर्ष, आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवता जेवता उठायचं, आकडे बघायचे, पुन्हा पानावर बसायचं. आई वैतागली. "एका जागी बस ना बाई, डोकं फिरवून राह्यली माह्यं."

कपाशीला खत किती द्यावं, हा माझा विषय. मोताळ्याजवळ एका काकूंच्या शेतात मी तुकडे आखले होते. प्रत्येकाला वेगळी मात्रा आणि एकाला काहीच नाही. तो कंट्रोल, बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. पण दोन्ही वर्षं हा बिनखताचा तुकडा खतवाल्यांच्या बरोबरीनं पिकला. मी हुरळून गेले. या मातीतच काहीतरी आहे, आता खतं सोडून मातीतल्या जिवाणूंवर काम करायचं, असं मनानं घेतलं. गाईड सर म्हणाले, "अर्ज देण्याआधी एकदा शेतात जाऊन या." मला त्यांचा रागच आला, तरी गेले.

काकू बांधावर भाकर खात बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, काही न देता या तुकड्याला इतका जोर कसा हो?"

त्या हसल्या. "काही न देता कसा येईन? पिवळा पडून राह्यला होता. बाजूच्यायले पोटभर अन् तुह्या तुकड्याले उपाशी? पाहवलं नाही मले. टाकला मूठ मूठ युरिया."

"दोन्ही वर्षं?"

"हाव. पाहुण्याचा तुकडा हाय तो."

दोन वर्षं पाण्यात. "टाकू नका म्हटलं होतं ना मी," मी आवाज चढवला. त्यांचा घास हातातच राहिला. मी तशीच निघाले.

स्टँडवर तीन बस सोडल्या. गप्प बसले तर कुणाला कळणार होतं? आकडे देखणे होते, नवा विषय त्याहून देखणा. कुणाला सांगू नका म्हटलं असतं तर काकूंनी सांगितलंही नसतं. हा विचार मी शेवटपर्यंत केला, त्याची अजून लाज वाटते. मग सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो तुकडा उपाशी का ठेवायचा, हे त्यांना कधी समजावलं होतं?"

नव्हतं. मी बुलढाण्याच्या कारकुनाची मुलगी, परक्या बांधावर उभी राहून नुसते हुकूम सोडले होते.

उलट पावली शेतात गेले. काकूंजवळ बसून कंट्रोल म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. जुनाच विषय, याच शेतात, पुन्हा सुरुवातीपासून करू द्याल का, असंही विचारलं.

काकूंनी उरलेली भाकर फडक्यात बांधली.

"करजो," त्या म्हणाल्या. "पन हे पयल्याच वर्षी सांगतलं असतं, त म्या हात लावला असता काय?"