बाबांनी जपलेली स्मारक नाणी

मंडळी, मी अजून सुन्नच आहे.

बाबा खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झाले, तेव्हा त्यांनी टांकसाळीची दहा चांदीची स्मारक नाणी घेतली होती, पुढे दुप्पट भावाने विकायला. आज दुपारी आम्ही ती सदर बाजारातल्या नाणेवाल्याकडे नेली.

त्याने खण उघडला. आत हीच नाणी गच्च भरलेली! "बाबूजी, बेचने सब आते हैं, खरीदने कोई नहीं. और इसमें चांदी आधी ही है."

बाबा पांढरेफटक पडले. मला वाटलं, पैसे बुडाले म्हणून. बाहेर येऊन म्हणाले, "अगं, क्वार्टरमधल्या चौघा मित्रांना मीच घ्यायला लावली. आता काय सांगू?"

आत्ता ते पहिल्या मित्राला फोन लावून राहिले आहेत. तुम्ही असता, तर लावू दिला असता?