पाठमोऱ्या डॉक्टरीणबाईंचं वाक्य

स्टुडिओत तिला सगळे 'बाकी' म्हणायचे. एका परदेशी गुन्हेमालिकेचं डबिंग तिथे चालायचं आणि कुणी कुणाचा आवाज द्यायचा ते दारामागच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. सगळ्यात वर 'इन्स्पेक्टर', त्याखाली 'बाकी पुरुष' आणि तळाला 'बाकी बायका'. बाकी बायका म्हणजे ही. खून झालेल्या बाईची किंकाळी हिची, तिच्या बहिणीचं रडणं हिचं, घरमालकिणीची कुरकुर हिची आणि बातम्या देणाऱ्या बाईचा कोरडा आवाजही हिचाच. एका भागात तर तिनं स्वतःलाच विष घातलं होतं आणि वर स्वतःच पोलिसांना फोन करून कळवलं होतं.

एवढं सगळं करूनही तिचं काम जेवणाच्या सुट्टीआधी आटपायचं, कारण मालिकेत बोलायचा तो इन्स्पेक्टर. पावलांचे ठसे तो शोधायचा, कुलपं तो उघडायचा, गाडी तो पळवायचा, रासायनिक तपासणीचा निकालसुद्धा कागद हातात यायच्या आधी तोच सांगायचा. हाताखालची माणसं आ वासून उभी. त्याचा आवाज देणारे गृहस्थ बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळून यायचे आणि पाणी गरमच प्यायचे. त्यांना सगळे साहेब म्हणत. घरीही म्हणत असावेत.

बाकीच्या वाट्याला आलेल्या बायकांत एकच कायमची होती, शवागारातली डॉक्टरीण. चष्मा, वर बांधलेले केस, रबरी हातमोजे. दर प्रकरणात एकदा यायची, चादर बाजूला करायची आणि म्हणायची, "मृत्यू गुदमरून झालाय." पुढे काही बोलणार तोच इन्स्पेक्टर तळहात वर करायचा. "कळलं मला." झालं, संपली डॉक्टरीण.

घरी बाकीची आई ही मालिका नेमानं बघायची आणि नेमानं चिडायची.

"तुझ्या त्या इन्स्पेक्टरला सांग जरा तोंड मिटायला."

"माझा कुठला? मी बाकीच्यांची."

"मग तुझ्या डॉक्टरणीला सांग तोंड उघडायला. एवढा वेळ मुडद्याशेजारी उभी असते, तिला काहीतरी दिसलं असेलच की."

"आई, लिहिलेलंच नाही तर ती बोलणार कुठून?"

"लिहिलं नाही म्हणजे दिसलं नाही, असं थोडंच आहे?"

आईचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण कान काढून घ्यायचा, हीच नोकरी. त्यामुळे की काय, चार माणसांत गप्प कोण बसलंय याकडे तिचं लक्ष आधी जायचं.

आईच्या त्या वाक्यानं बाकीच्या डोक्यात भुंगा सोडला. डबिंगमध्ये एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावतात, शब्द ओठांवर नीट बसेपर्यंत. आजवर तिनं फक्त ओठ पाहिले होते. आता ती डॉक्टरीण बघते कुठे, ते पाहायला लागली. आणि तिला मोठी गंमत वाटली, कारण ती नटी खरंच काहीतरी बघत असायची. इन्स्पेक्टर भाषण ठोकत असताना ती कधी प्रेताच्या मनगटावरून बोट फिरवायची, कधी कॉलर उलटून बघायची. कुणी सांगितलं नसेल तिला. कॅमेरा तर इन्स्पेक्टरवरच असायचा, ही कोपऱ्यात धूसर. तरी बिचारी आपलं काम करत होती.

नव्या प्रकरणात एका गॅरेज-मालकाचा मृतदेह सापडला. डॉक्टरणीनं त्याचा डावा हात उचलला, नखं निरखली, इन्स्पेक्टरकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत विचारात बुडालेला. मग तिनं हात हळूच खाली ठेवला आणि पाठ फिरवून ती बेसिनशी गेली. बाकीनं तो तुकडा थांबवून पाहिला. नखांत निळं काहीतरी होतं.

आता डबिंगवाल्यांची एक सोय असते. ओठ दिसत असले की त्यांच्या तालावर नाचावं लागतं. माणूस पाठमोरं झालं की मोकळं रान. तिथे 'हं', 'बरं', 'अच्छा' असलं काहीबाही टाकून रिकामी जागा भरून काढतात.

"इथे फार सुनं वाटतंय," डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला. मशीनवरही तोच बसायचा. "बाकी, टाक काहीतरी."

बाकी माइककडे झुकली आणि हात धुता धुता बोलावं तशी सहज बोलली, "नखांत निळा रंग आहे. एकदा बघून घ्या."

दिग्दर्शकाचं अर्धं लक्ष डब्याकडे होतं. "चाललं. पुढे."

गोची एवढीच, की भाग एकेक करून यायचे. खुनी कोण, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाग टीव्हीवर लागला तेव्हा आईनं हातातली भाजीची सुरी खाली ठेवली. "बोलली गं ती." मग समाधानानं सोफ्यावर मांडी ठोकून बसली. पण पुढच्या भागात इन्स्पेक्टर छपरांवरून पळाला, जुगारअड्ड्यावर गेला, गॅरेज-मालकाच्या बायकोला दोनदा रडवून आला. नखांचं नाव नाही.

"अरे, नखं बघ ना मेल्या," आई म्हणाली. "सांगितलंय तिनं तुला."

बाकीनं टीव्हीचा आवाज कमी केला. आधी आई नुसतीच चिडायची, आता तिला हक्काचं कारण मिळालं होतं. आणि आईसारखे किती जण घरोघरी बसले असतील.

प्रकरणाचा शेवटचा भाग स्टुडिओत आला. बाकी, साहेब आणि दिग्दर्शक, तिघांनी एकत्र बसून पाहिला. इन्स्पेक्टरनं सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा केलं. त्याचा चेहरा पडदाभर. कागदावर लिहून आलेली ओळ होती, "नखांतला निळा रंग. इतक्या जणांनी प्रेत पाहिलं, पण कुणाच्याही नजरेला तो पडला नाही." खुनी निघाला रंगारी.

दिग्दर्शकानं कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "बाकी, हे काय करून ठेवलंस तू?"

"दादा, मला तो रंग दिसला म्हणून..."

"दिसला तर मनात ठेवायचा. तो भाग जाऊन बसला लोकांच्या घरात. चॅनेलवाल्यांना कळलं, की इथे आवाज देणारे आपल्या मनानं पुरावे घुसवतात, तर उद्या त्या फळ्यावर तुझ्या जागी दुसरीच कुणीतरी. मला वाचवता येणार नाही तुला."

साहेबांनी मफलर सैल केला. "म्हणजे एवढे दिवस मी बहिरा होतो?"

"तुम्ही नाही, तो इन्स्पेक्टर," दिग्दर्शक म्हणाला.

"एकच ते."

बाकीची नजर पडद्यावरून हटत नव्हती. "ही ओळ बदलता येईल," ती म्हणाली. "इन्स्पेक्टरला म्हणू दे, 'डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मीच मनावर घेतलं नाही.'"

"छे. माझा इन्स्पेक्टर चुकत नसतो. लोक त्याला त्यासाठीच बघतात."

"साहेब, ओठ तरी बघा त्याचे. कुठे मिटतात ते. 'मला'वर, मग 'मीच'वर, मग 'मनावर'वर. आपली लिहून आलेली ओळ इतकी चपखल बसत नाही."

दिग्दर्शकानं तुकडा आवाज बंद करून लावला. साहेब न बोलता ओठ हलवत राहिले. बसत होतं. त्यांना ते आवडलं नाही, पण बसत होतं.

पहिल्यांदा त्यांनी नेहमीच्या गडगडाटात म्हटलं.

"साहेब, डॉक्टरणीला धमकी दिल्यासारखं वाटतंय," बाकी म्हणाली.

दुसऱ्यांदा इतकं कातर म्हटलं, की खून त्यांनीच केला असावा. दिग्दर्शक हसू दाबत म्हणाला, "एवढंही नको."

साहेबांनी गरम पाण्याचा घोट घेतला आणि तुकडा नुसता पाहिला, दोनदा. मग म्हणाले, "हा मध्येच खाली का बघतो?"

खरंच, दोन वाक्यांच्या मध्ये तो परदेशी नट क्षणभर नजर खाली टाकत होता.

"मला वाटायचं, हातातला कागद वाचतोय," दिग्दर्शक म्हणाला.

"हातात कागद नाहीये," बाकी म्हणाली.

पुढच्या वेळी साहेब 'होतं'पाशी थांबले. नजर खाली गेली, तेवढा वेळ जाऊ दिला, आणि मग 'मीच' असं म्हणाले, की आवाज गळ्यातून नव्हे, कुठूनतरी खालून आला. पडद्यावरचा माणूस पहिल्यांदाच बघत राहावंसा वाटला. इतका हुशार माणूस हात वर करून लोकांना गप्प का करत असेल, असा प्रश्न बाकीला पडला. आजवर तिला त्याचा फक्त राग यायचा.

चॅनेलला फोन दिग्दर्शकानं स्वतःच केला. लपवलं असतं तर पुढेमागे उघड झालंच असतं. बाहेरच्या बाकावर बसून बाकी काचेतून त्याची मान हलताना बघत होती. तो बाहेर आला.

"नवी ओळ राहणार. तूही राहणार. पण यापुढे पाठमोऱ्या माणसाला एक अक्षर द्यायचं नाही. 'हं'सुद्धा लेखी विचारून."

"म्हणजे डॉक्टरीण पुन्हा गप्प."

"गप्प. कबूल असेल तर सोमवारी ये."

तिनं मान डोलावली. घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बोलायला बंदी आहे, बघायला नाही ना?"

सोमवारी नवं प्रकरण सुरू झालं. नदीकाठी सापडलेला एक म्हातारा. साहेबांच्या ओळी त्या दिवशी आधी घेतल्या होत्या. एरवी ते लगेच मफलर आवळून निघायचे. आज खुर्ची ओढून बाकीच्या शेजारी बसले. डॉक्टरणीनं चादर दूर केली, इन्स्पेक्टरनं तळहात वर केला, ती गप्प झाली आणि बाजूला वळली.

"मागे घे जरा," साहेब दिग्दर्शकाला म्हणाले. "ती काय बघतेय?"

"खिशाकडे," दिग्दर्शक म्हणाला.

"नाही हो," बाकी पडद्याजवळ सरकली. "बुटांकडे बघतेय ती. एक बूट दुसऱ्याच कुणाचा आहे बहुतेक."

"कुठे? दाखव."

दिग्दर्शकानं चित्र मागे नेलं आणि तिघं पुढे वाकले.