पाहुणीची पाळी

त्या रस्त्यावर तिला सगळे कवळीताई म्हणायचे. दातांच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत एकवीस वर्षं ती कवळ्या करत होती. दवाखान्यातून पेशंटच्या जबड्याचा साचा यायचा. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या करून त्यांवर एकेक दात बसवायची, घासायची, चकाकी द्यायची. पेशंट मात्र तिला क्वचितच दिसत. त्यामुळे माणसांना ती चेहऱ्यावरून कमी आणि जबड्यावरून जास्त ओळखायची. एकदा भावाच्या ऑफिसातले एक गृहस्थ तिच्यासमोर तोंड भरून हसले, तेव्हा ती भावाच्या कानात म्हणाली, "वरची कवळी माझी, खालचे दात त्यांचे स्वतःचे." भावाने कपाळाला हात लावला.

लग्न तिने केलं नव्हतं आणि त्याची तिला हळहळही नव्हती. हळहळायचं काम नातेवाईक चोख करत होते. आई गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरात ती एकटीच राहायची. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असायचा. ती घरी येऊन जेवायची, भांडी विसळायची आणि मग उरलेला तास-दीड तास तिला खायला उठायचा.

एका वाढदिवसाला भाचीने तिच्या हातात एक भलामोठा खोका ठेवला. वर निळं-हिरवं चित्र होतं आणि नाव होतं 'तळ्याकाठी'.

"आत्या, जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलाय, पण आतलं सगळं धड आहे," भाची म्हणाली. "एकटीनेही खेळता येतो. डोक्याला ताप नाही आणि कुणाशी भांडण नाही."

"भांडायला कुणी नसेल तर खेळ कसला?" ती म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी तिने खोका उघडला आणि तिचं त्यात मन रमलं. सहा कोनांच्या जाड पुठ्ठ्याच्या चकत्या होत्या, कुठे पाणी, कुठे लव्हाळी, कुठे गवत, कुठे दगड. त्या एकमेकींना जोडून तळं तयार करायचं आणि लाकडाचे छोटे बगळे, खंड्या, बेडूक, कासवं योग्य जागी बसवायची. दिवसभर दुसऱ्यांचे दात जुळवणाऱ्या बाईला हे असं जुळवणं फार बरं वाटलं.

एकटीने खेळायचं तर समोर एक खोटा खेळाडू धरायचा असा नियम होता. नियमांच्या पुस्तकात त्याला 'पाहुणा' म्हटलं होतं. पाहुण्यासाठी वेगळे पत्ते होते. त्याची पाळी आली की वरचा पत्ता उलटायचा आणि त्यावर लिहिलेली चकती पाहुण्याच्या तळ्याला लावायची. कुठे लावायची ते आपल्या मनावर.

पहिले काही आठवडे सगळं मजेत गेलं. मग हळूहळू कवळीताईच्या लक्षात आलं की पाहुण्याचं तळं रोज सारखंच होतंय. पाणी डावीकडे वळायचं, लव्हाळी दाट व्हायची आणि पाहुण्याचा बगळा नेहमी काठावर, बाकी सगळ्यांपासून दूर, एकटा पडायचा. चकत्या लावणारा हात तिचाच होता. पण स्वतःचं तळं ती तशी कधीच रचत नव्हती. एक दिवस तिने मुद्दाम बगळा मधोमध ठेवला. खेळभर तिला चुकल्या-चुकल्यासारखं होत राहिलं. शेवटी तिने तो उचलून काठावर ठेवला, तेव्हा कुठे तिला मोकळा श्वास घेता आला.

त्यानंतर एकदा पत्ता उलटण्याआधी ती मोठ्याने म्हणाली, "तुमची पाळी." समोरची खुर्ची तिने बाहेर ओढून ठेवली होती. कधी ओढली ते तिला आठवेना. भर दुपारी खिडकीतून ऊन येत होतं आणि तरी तिने उठून दाराची कडी पाहिली.

दोन महिन्यांनी एक बेडूक खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांखाली सटकला. तो काढायला तिने कप्पे उचलले, तर खाली एक शाळकरी वही सापडली. वहीत पानोपानी खेळांचे गुण मांडले होते. दोन रकाने होते, एकावर 'मी' आणि दुसऱ्यावर 'पाहुणा'. अक्षर वळणदार, एकाच माणसाचं. तीन-चारशे डाव तरी झाले असतील. पण शेवटच्या पानांवर आली तशी कवळीताईची बोटं थांबली. 'मी'च्या रकान्यात आता काहीच नव्हतं. पाहुण्याचे गुण मात्र नेमाने लिहिलेले होते, एकोणीस डाव. अक्षर तेच होतं.

म्हणजे ते माणूस जिवंत होतं, खेळत होतं, लिहीत होतं. फक्त स्वतःला मांडायचं सोडून दिलं होतं.

तिने वही मिटली. त्या दिवशी दवाखान्यात दोन दात तिने उलटे बसवले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा डॉक्टर तिला बोलले.

जुन्या वस्तूंचा दुकानदार बोलका होता. "हा खोका ना? पिवळ्या इमारतीतल्या बाईंनी दिला. चष्म्याच्या दुकानात असतात बघा त्या. पैसे नको म्हणाल्या. फक्त घरातून न्या म्हणाल्या."

चष्म्याच्या दुकानाला गुरुवारी सुटी असायची. त्या गुरुवारी दुपारी कवळीताई खोका पिशवीत घालून पिवळ्या इमारतीचा जिना चढली. दार पन्नाशीच्या एका बाईने उघडलं. पिशवीतून डोकावणारा निळा-हिरवा कोपरा दिसताच तिचा चेहरा पडला.

"हा परत आणू नका हो," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"परत द्यायला नाही आले. त्यातल्या वहीबद्दल विचारायचं होतं."

त्या बाईने तिला आत घेतलं, पण बाहेरच्या खोलीतच बसवलं. "वही आईची. टेलिफोन खात्यात होती, जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. बाबा गेल्यावर ती हा खेळ एकटी खेळायची. मग विसरायला लागली. एक दिवस मला म्हणाली, त्या बाई आज खेळायला आल्याच नाहीत. मी म्हटलं, कोण बाई? तर म्हणे, ह्या घरच्या. मी काय, पाहुणी. मी एकटी किती खेळणार?" तिने डोळे पुसले. "मला वाटलं, खेळानेच डोकं फिरलं. म्हणून काढून टाकला. काही फरक पडला नाही. दोन वर्षं झाली, रोज बॅग भरून बसते. घरच्या बाई आल्या की निघते म्हणते."

एवढ्यात आतल्या दारात आई येऊन उभी राहिली. पांढरे केस व्यवस्थित विंचरलेले, हातात छोटी बॅग आणि घरातल्या घरात पायात बाहेरच्या चपला. तिने कवळीताईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आलात? किती वाट बघायची माणसाने!"

कवळीताई उठून उभी राहिली.

"तुमचं घर जसंच्या तसं आहे बघा," आई म्हणाली. "कुंड्यांना पाणी घातलंय. कपाटातल्या कशाला हात लावला नाही. मुलगी तुमची गुणी आहे हो, पण जेवायला टाळाटाळ करते, तिला जरा बोला. चला, आता मला निघू द्या."

ती खरंच दाराकडे चालू लागली. लेक चौकट धरून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कवळीताईला पुढे काय सुचलं ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. ती म्हणाली, "निघाल हो, पण आपला डाव अर्धा राहिलाय ना?"

आई थांबली. विचार करून म्हणाली, "हो, तेही खरंच."

त्यांनी टेबलावर डाव मांडला. आता पाहुण्याच्या पत्त्यांची गरजच नव्हती. आई एकेक चकती उचलून न चाचपडता लावत होती. पाणी डावीकडे वळलं. लव्हाळी दाट झाली. मग तिने बगळा उचलला आणि काठावर, सगळ्यांपासून दूर नेऊन ठेवला. रोज कवळीताईच्या हातून पडायचा अगदी तिथेच.

"तुमची पाळी," आई म्हणाली.

शेवटच्या चार-पाच चकत्या उरल्या तेव्हा कवळीताई म्हणाली, "उरलेला पुढच्या गुरुवारी." आईने मान हलवली आणि बॅग खुर्चीखाली ठेवली. लेकीने डावावर टेबलक्लॉथ पांघरला.

असे चार महिने गेले. दर गुरुवारी खेळ पुढे सरकायचा, आणि आईचं लक्ष नसताना कवळीताई दोन-चार चकत्या काढून पुन्हा ढिगात टाकायची. डाव संपू द्यायचा नाही एवढंच तिने आणि लेकीने ठरवलं होतं. "आई आता चपला काढून जेवायला बसते," लेक एकदा दारात कुजबुजली. पण कवळीताई त्या घरात शिरण्याआधी दर वेळी जिन्यातच जरा थांबायची. आई तिला घरातल्या गोष्टी विचारायची. "तुमचे मिस्टर फार तापट होते का हो?" "हा फोटो तुमचाच ना, तरुणपणचा?" आणि ती हो म्हणायची. एकदा फोटो निरखताना तिला तो खरोखर आपल्यासारखा वाटला.

मग एका गुरुवारी, लेक चहा गाळत असताना, आईने ढिगातल्या उरलेल्या चकत्या हातासरशी उचलल्या आणि एकामागून एक लावून टाकल्या. दोघींच्या तळ्यांना. डाव पूर्ण झाला. तिने वही मागून घेतली, 'मी'च्या रकान्यात कवळीताईचे गुण वळणदार अक्षरात लिहिले आणि म्हणाली, "जिंकलात. आता मात्र निघते."

यावेळी तिला अडवायचं धाडस कुणालाच झालं नाही. तिने बॅग घेतली. दोघी तिच्या मागोमाग जिना उतरल्या. रस्त्यावर दुपारची सामसूम होती, एक सायकलवाला तेवढा गेला. आई कोपऱ्यापर्यंत ताठ चालत गेली. तिथे तिने बॅग फुटपाथवर ठेवली आणि बराच वेळ रस्त्याच्या टोकाकडे पाहत राहिली, कुणाला तरी पोचवायला आल्यासारखी. तिने हातही हलवला. टोकाला कुणीही नव्हतं.

मग ती वळली. "गेली एकदाची," ती लेकीला म्हणाली. "किती दिवस मुक्काम ठोकला बाईने! चल बाळ, उन्हात उभी राहू नकोस."

दोन वर्षांत तिने लेकीला बाळ म्हटलं नव्हतं. लेकीने तिला तिथेच मिठी मारली. आईने तिच्या खांद्यावरून कवळीताईकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती आणि त्यात ओळखीची खूणसुद्धा नव्हती.

"ह्या कोण? मी ओळखलं नाही."

चार महिने त्या घरची बाई झालेली कवळीताई गोंधळली. "मी... पाहुणी," ती म्हणाली, आणि शब्द बाहेर पडल्यावर एक पाऊल मागे सरली.

त्या दिवशी ती दवाखान्यात गेलीच नाही, सरळ घरी चालत आली. अख्ख्या रस्त्यात तिने मागे वळून पाहिलं नाही. इमारतीचं दार उघडून ती आत शिरली आणि मग दार धरूनच उभी राहिली, मागून येणारं माणूस आत येईस्तोवर धरतात तसं. भानावर आल्यावर तिने स्वतःला चांगल्या चार शिव्या घातल्या आणि दार धाडकन लावलं.

आई अकरा दिवस अगदी भानावर होती. लेकीशी खूप बोलली, जुन्या ऑफिसातल्या गमती सांगितल्या, कुठली कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवलं. मग पुन्हा विसरू लागली. पण बॅग तिने परत कधी भरली नाही. पुढच्या वर्षी ती स्वतःच्या पलंगावर, लेकीचा हात धरून गेली.

कवळीताई गुरुवारी अजूनही पिवळ्या इमारतीत जाते. दोघी चहा घेतात, भाचीच्या नोकरीबद्दल, दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबद्दल बोलतात. खोका कपाटावर आहे. मागे एकदा बोलता बोलता विषय संपला तेव्हा लेकीची नजर तिकडे गेली.

"मांडायचा का एखादा डाव?"

कवळीताईने कप खाली ठेवला. "नको," ती म्हणाली. "दोघी आहोत तेवढ्या पुरे आहोत."