सोनाराचा इराणी पाहुणा

आमच्या भोकरदनचा सोनार प्रत्येक बोलण्याच्या शेवटी "बराबर?" विचारतो आणि उत्तरासाठी कधीच थांबत नाही.

परवा शेजारच्या धावडा गावची एक म्हातारी माळेतलं, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं सोन्याचं नाणं मोडायला आली. मला जुन्या नाण्यांचा नाद, आणि मी दुकानातच होतो. नाणं पाहून ओरडलोच, "अहो, एका बाजूला कुषाण राजा, दुसरीकडे इराणचा सूर्यदेव! हे तर संग्रहालयात असतं!"

सोनारानं पेटवलेली शेगडी विझवली आणि नाण्याला हळद-कुंकू लावलं. "माय, देव वितळवत न्हाई मी. देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेव याला. बराबर?"

"अन् निवद काय दाखवू इराणच्या देवाला?"

"भाकर-ठेचा! इतक्या पिढ्या तुमच्याच घरी राह्यला, आता धावड्याचाच झाला तो. बराबर?"

या वेळी मात्र तो उत्तरासाठी थांबला. म्हातारीनं हसून देव पदराच्या गाठीत बांधला.